ईपीएनच्या पोटातला जीवाणू तपासायचा कसा?

ऊसपट्ट्यात मुळं खाणाऱ्या हुमणी अळीसाठी ईपीएन, म्हणजे किडींना मारणारे सूत्रकृमी, आता बरेच शेतकरी वापरतात. कुणाला चांगला गुण येतो, कुणाला अजिबात येत नाही. न येण्याची कारणं पुष्कळ असतात. जमीन कोरडी होती, भर दुपारी सोडलं, बाटली गाडीत तापली, हुमणी तिसऱ्या अवस्थेत जाऊन जाडजूड झाली होती. पण एक कारण सहसा कुणी तपासतच नाही. बाटलीतला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा, सूत्रकृमी हलताना दिसले की माल चांगला म्हणायचं, इथेच तपासणी संपते.

किडीला लोळवण्याचं मुख्य काम सूत्रकृमी करतच नाही. ते त्याच्या आतड्यात राहणारा जीवाणू करतो. सूत्रकृमी किडीच्या तोंडातून, गुदद्वारातून किंवा श्वसनछिद्रातून आत शिरतो, रक्तात पोहोचतो आणि तिथे जीवाणू बाहेर सोडतो. तो जीवाणू एक-दोन दिवसांत कीड मारतो, मेलेल्या शरीरात भरमसाट वाढतो, आणि मग सूत्रकृमी त्या जीवाणूवर आणि त्याने पचवलेल्या मांसावर जगून पिल्लं घालतो. जीवाणू नसला किंवा कमकुवत झाला तर हलणारे सूत्रकृमी असूनही शेतात काम होत नाही, झालंच तर पुढची पिढी नीट वाढत नाही. म्हणून सूत्रकृमी जिवंत आहे का आणि त्याच्यात त्याचा जीवाणू आहे का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि दोन्ही वेगवेगळे तपासायला हवेत. कृषी महाविद्यालयात नुकतेच प्रयोगशाळेत शिरलेले विद्यार्थी, जैविक कीडनाशकांच्या छोट्या युनिटमध्ये काम करणारी मुलं-मुली आणि हौसेने शिकणारे शेतकरी यांच्यासाठी ही पद्धत पायरीपायरीने लिहितो आहे.

आधी जोड्या ओळखा

ईपीएनमध्ये आपल्या कामाचे दोन वंश आहेत, स्टाइनरनेमा आणि हेटेरोरॅब्डिटिस. स्टाइनरनेमाबरोबर झेनोरॅब्डस जीवाणू असतो, हेटेरोरॅब्डिटिसबरोबर फोटोरॅब्डस. ही अदलाबदल होत नाही. स्टाइनरनेमात फोटोरॅब्डस सापडला असं वाटलं तर आधी बाटलीवरचं लेबल तपासा, मग सूत्रकृमी पुन्हा ओळखा.

आपल्याकडे सगळ्यात जास्त हाताळला जाणारा सूत्रकृमी म्हणजे हेटेरोरॅब्डिटिस इंडिका. तो पहिल्यांदा कोइमतूरला उसाच्या शेंडा पोखरणाऱ्या अळीत सापडला आणि 1992 मध्ये पॉइनर, करुणाकर आणि डेव्हिड यांनी त्याचं वर्णन केलं. म्हणजे उसाशी त्याचं नातं पहिल्या दिवसापासूनचं आहे. त्याच्या जीवाणूला आधी फोटोरॅब्डस ल्युमिनेसेन्सची उपप्रजाती मानत. 2018 पासून त्याला फोटोरॅब्डस अखुर्स्टी अशी स्वतंत्र प्रजाती म्हणतात. जुन्या पुस्तकात आणि प्रबंधांत जुनं नाव दिसेल, गोंधळू नका. त्याहून जुन्या लिखाणात तर फोटोरॅब्डसही झेनोरॅब्डसमध्येच मोडायचा. 1993 मध्ये त्याला वेगळं काढलं.

जीवाणू कुठे बसतो हेही माहीत हवं. बाटलीत असते ती सूत्रकृमीची तिसरी पिल्लावस्था. प्रयोगशाळेत तिला सगळे आयजेच म्हणतात, म्हणजे इन्फेक्टिव्ह ज्युव्हेनाइल, किडीला संसर्ग करणारं पिल्लू. ती काही खात नाही, तोंड बंद असतं, अंगावर आधीच्या अवस्थेची कात तशीच ठेवलेली असते. स्टाइनरनेमाच्या आयजेत आतड्याच्या सुरुवातीला एक छोटी पिशवी असते, जीवाणू तिच्यात राहतो. हेटेरोरॅब्डिटिसमध्ये अशी पिशवी नसते, जीवाणू आतड्याच्या पुढच्या मोठ्या भागात पसरलेला असतो. एका आयजेत जीवाणूच्या पेशी काही डझनांपासून दोनशेच्या आसपास असतात. एवढ्याच. त्यामुळे बाहेरून चिकटलेली घाण धुतली नाही तर प्लेटवर हजारो परके जीवाणू वाढतात आणि आपला त्यांच्यात हरवतो. तपासणीतल्या बहुतेक गोंधळाचं मूळ इथेच आहे.

जमवाजमव

आमिष म्हणून अळ्या लागतील. सगळ्यात चांगली अळी मधमाश्यांच्या पोळ्यांना लागणाऱ्या मेण पतंगाची, शेवटच्या अवस्थेतली, जाड आणि दुधी रंगाची. ती मिळाली नाही तर ट्रायकोकार्ड (ट्रायकोग्रामा या मित्रकीटकाची कार्डं) बनवणाऱ्या प्रयोगशाळेत विचारा. तिथे भरडलेल्या ज्वारी-बाजरीवर कोर्सायरा या धान्यातल्या पतंगाच्या अळ्या कायम वाढवलेल्या असतात, त्याही चालतात. फक्त त्या लहान असतात, त्यामुळे रक्त काढताना हात स्थिर लागतो.

याशिवाय पेट्री डिश, फिल्टर पेपर, 70 टक्के अल्कोहोल, घरगुती ब्लीचिंगचं द्रव, निर्जंतुक पाणी, लूप (टोकाला कडी असलेली तार), बारीक कात्री, हातमोजे. औषधाच्या दुकानातून 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. प्रयोगशाळेत ऑटोक्लेव्ह (वाफेच्या दाबाने निर्जंतुक करणारं यंत्र) आणि लॅमिनार (गाळलेल्या स्वच्छ हवेचा कट्टा) असलं तर उत्तम. लॅमिनार नसेल तर पंखा बंद करून, दोन बर्नरच्या मधोमध काम करा. आणि एक अशी खोली शोधून ठेवा जिथे पूर्ण अंधार करता येईल. ती चेष्टा नाही, पुढे लागणार आहे.

प्लेटसाठी एनबीटीए हे माध्यम, म्हणजे जीवाणू वाढवायची जेली, बनवावं लागेल. नेहमीचं न्यूट्रिएंट अगर डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात घ्या. त्यात लिटरला 25 मिलिग्रॅम ब्रोमोथायमॉल ब्लू हा निळा रंग घालून ऑटोक्लेव्ह करा. साधारण 50 अंशांपर्यंत थंड झालं की फिल्टरने निर्जंतुक केलेलं टीटीसीचं (ट्रायफेनिल टेट्राझोलियम क्लोराइडचं) द्रावण लिटरला 40 मिलिग्रॅम पडेल असं मिसळा आणि लगेच प्लेटा ओता. टीटीसी ऑटोक्लेव्हमध्ये घालू नका. ओतलेल्या प्लेटा काळ्या कागदात गुंडाळून ठेवा. टीटीसीला उजेड सोसत नाही हे एक कारण, पण दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. उजेडात पडलेल्या अगरमध्ये पेरॉक्साइडसारखी विषारी द्रव्यं तयार होतात आणि झेनोरॅब्डसला ती फार लवकर बाधतात. दोन दिवस खिडकीजवळ राहिलेल्या प्लेटवर काही उगवलं नाही तर दोष सूत्रकृमीचा धरायच्या आधी प्लेटचा धरा.

पहिली पायरी: अळ्यांना संसर्ग करा

बाटली किंवा पाकीट उघडून थेट अळ्यांवर ओतू नका. थोडा माल पाण्यात मिसळा. बारीक जाळीवर टिश्यू पेपर ठेवा, त्यावर तो ओता आणि जाळी अशी ठेवा की टिश्यू खालच्या पाण्याला जेमतेम टेकेल. रात्रभरात जिवंत सूत्रकृमी टिश्यूतून खाली उतरतात, मेलेले आणि भुकटी वर राहते. खालच्या पाण्याचे छोटे थेंब घेऊन सूत्रकृमी मोजा.

9 सेंटिमीटरच्या डिशमध्ये फिल्टर पेपर घाला, 10 अळ्या ठेवा, आणि एकूण 1 मिलि पाण्यात साधारण 1000 आयजे सोडा, म्हणजे अळीमागे 100. झाकण लावून 25 ते 28 अंशांवर अंधारात ठेवा. याबरोबर दुसरी डिश लावायचीच. त्यातही 10 अळ्या, तेवढंच पाणी, पण सूत्रकृमी नाहीत. ही डिश न लावता केलेल्या तपासणीवर माझा विश्वास बसत नाही, कारण अळ्यांच्या डब्यातच आधीपासून रोग असेल तर अळ्या तशाही मरतील आणि ही डिश नसेल तर तुम्हाला कळणारसुद्धा नाही.

बाजारातला माल न तपासता स्वतःच्या शेतातला सूत्रकृमी शोधायचा असेल तर सुरुवात वेगळी. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, जमीन ओली असताना, उसाच्या किंवा भुईमुगाच्या मुळांजवळची 15 ते 20 सेंटिमीटर खोलीवरची माती घ्या. पॉलिथिनच्या पिशवीत भरून सावलीत आणा. छोट्या प्लास्टिकच्या डब्यात ती ओलसर माती भरा, 5 ते 10 अळ्या टाका, झाकण लावून डबा उलटा करा. 1975 मध्ये बेडिंग आणि अखुर्स्ट यांनी मांडलेली ही आमिषाची पद्धत आजही सगळीकडे वापरतात, कारण तिला काहीच महागडं लागत नाही. तिसऱ्या दिवसापासून रोज बघत राहा. अळी कडक होऊन तिच्यावर हिरवी पूड आली तर ती मेटारायझियम बुरशी आहे, पांढरा कापूस आला तर बहुधा ब्युव्हेरिया ही बुरशी. तेही उपयोगी जीव आहेत, पण आज आपण त्यांच्या मागे नाही.

दुसरी पायरी: मेलेली अळी वाचा, मग अंधारात बसा

दोन दिवसांनी डिश उघडा. इथे घाई करू नका, कारण मेलेली अळी बरंच काही सांगते.

हेटेरोरॅब्डिटिसने मारलेली अळी विटकरी ते गडद लाल होते. हा रंग फोटोरॅब्डस बनवतो त्या अँथ्राक्विनोन वर्गातल्या रंगद्रव्याचा. अळी मऊ असते पण फुटत नाही, आतून चिकट लागते आणि तिला कुजका वास येत नाही. हा वास नसणं फार महत्त्वाचं आहे. जीवाणू स्वतःची प्रतिजैविकं सोडून बाकीच्या जीवाणूंना आणि बुरशीला लांब ठेवतो. एवढंच नाही, मुंग्यांनाही दूर ठेवणारं काहीतरी त्या शवात असतं. शेतात लाल पडलेली हुमणी मुंग्यांनी तशीच सोडलेली दिसली तर ती उचलून घ्या.

स्टाइनरनेमाने मारलेली अळी लाल होत नाही. ती फिकट तपकिरी, पिवळसर किंवा राखाडी होते. तीही कुजत नाही. जी अळी काळी पडली, पाण्यासारखी झाली आणि घाण वास मारते, तिच्यात दुसराच जीवाणू जिंकला आहे. अशा अळ्यांपासून पुढे काही करू नका. पण किती अळ्या अशा झाल्या ते लिहून ठेवा, कारण मालाच्या दर्जाबद्दल तेही सांगतं.

लाल रंगाच्या बाबतीत एक सापळा आहे. सेराशिया मार्सेसेन्स नावाचा जीवाणूही अळीला लाल करतो आणि तो अळ्यांच्या डब्यात सहज घुसतो. त्याचा लाल गुलाबीकडे झुकतो आणि अळी लवकर पातळ होऊन फुटते. तरीही निव्वळ रंगावरून फरक करायला जाल तर फसाल. फरक अंधारात कळतो.

फोटोरॅब्डस प्रकाश देतो. जमिनीवर राहणाऱ्या जीवाणूंमध्ये हा गुण फार विरळ आहे. संसर्गानंतर दोन-तीन दिवसांची, नुकतीच लाल झालेली अळी घ्या आणि त्या पूर्ण अंधाराच्या खोलीत जा. मोबाइल बाहेर ठेवा. दाराखालच्या फटीत कापड घाला. निदान 10-15 मिनिटं नुसते बसून राहा. पहिल्या मिनिटांत काहीच दिसत नाही आणि बरेच जण इथेच उठून बाहेर येतात. डोळे अंधाराला सरावले की अळीचा आकार मंद हिरवट दिसायला लागतो. थेट तिच्याकडे टक लावण्यापेक्षा नजर थोडी बाजूला ठेवली तर जास्त स्पष्ट दिसतो, कारण अंधारात डोळ्याचा कडेचा भाग जास्त काम करतो. फोटो हवा असेल तर कॅमेरा स्टँडवर लावून बऱ्याच वेळेचं एक्स्पोजर द्या.

सेराशिया चमकत नाही. झेनोरॅब्डसही चमकत नाही, त्यामुळे स्टाइनरनेमाच्या अळ्या घेऊन अंधारात बसायचं कारण नाही. आणि हेटेरोरॅब्डिटिसची अळी लाल असूनही चमकली नाही तर लगेच माल वाईट म्हणू नका. जुन्या शवात प्रकाश ओसरलेला असतो. ताजी अळी पुन्हा बघा.

तिसरी पायरी: अळीच्या रक्तातून जीवाणू काढा

रंग आणि प्रकाशाने अंदाज पक्का होतो, पण जीवाणू हातात आला म्हणता येणार नाही. त्यासाठी त्याला प्लेटवर एकटा वाढवावा लागतो. सोपा रस्ता सूत्रकृमीतून नव्हे, अळीच्या रक्तातून जातो, कारण तिथे तो लाखोंच्या संख्येने असतो.

वेळ नीट धरा. संसर्गानंतर 24 ते 36 तासांत, म्हणजे दुसऱ्या पायरीतले दोन दिवस भरायच्या आधीच, नुकती मेलेली किंवा मरायला टेकलेली अळी घ्या. उशीर केला तर आतड्यातले इतर जीवाणू रक्तात मिसळतात. अळी 70 टक्के अल्कोहोलमध्ये काही सेकंद बुडवा, निर्जंतुक पाण्यात धुवा, फिल्टर पेपरवर कोरडी करा. मग डाव्या हातात चिमट्याने तिला वाकवून धरा आणि बर्नरवर तापवून थंड केलेल्या बारीक कात्रीने पोटाखालच्या मांसल पायांपैकी एकाचं टोक कापा. शरीर उभं कापायचं नाही, कारण आतडं फुटलं की ती अळी वाया गेली. कापलेल्या टोकावर रक्ताचा मण्यासारखा थेंब येतो. निरोगी अळीचं रक्त पिवळसर पारदर्शक असतं, संसर्ग झालेल्या अळीचं गढूळ दिसतं. लूपचं टोक त्या थेंबाला नुसतं टेकवा आणि एनबीटीए प्लेटवर रेघा ओढा, चार भागांत, प्रत्येक वेळी लूप तापवून, म्हणजे शेवटच्या भागात सुट्या कॉलन्या (जीवाणूंचे वेगवेगळे वाढलेले ठिपके) मिळतील. पाण्याच्या डिशमधल्या निरोगी अळीचं रक्तही असंच एका प्लेटवर ओढा. ती प्लेट रिकामी राहायला हवी.

प्लेटा 28 अंशांवर अंधारात, उलट्या ठेवा. 48 ते 72 तासांनी बघा.

एनबीटीएची गंमत अशी की एकाच जीवाणूच्या दोन अवस्था त्यावर वेगळ्या दिसतात. पहिली अवस्था निळा रंग शोषून घेते, त्यामुळे कॉलनी निळी, निळसर-हिरवी किंवा हिरवट दिसते आणि तिच्या भोवती माध्यमाचा रंग उडालेलं वलय येतं. झेनोरॅब्डसची कॉलनी बहुधा गडद निळी, मध्यभागी लालसर असते. फोटोरॅब्डसची हिरव्याकडे झुकते. दुसरी अवस्था निळा रंग घेत नाही, ती टीटीसीला लाल करते, म्हणून तिच्या कॉलन्या लाल दिसतात. दुसऱ्या अवस्थेत प्रतिजैविकं, रंगद्रव्य आणि प्रकाश खूप कमी होतो, आणि तिच्यावर सूत्रकृमी नीट वाढत नाहीत. सूत्रकृमीच्या पोटातून ताज्या मिळणाऱ्या जीवाणूत पहिलीच अवस्था असते. पहिल्याच प्लेटवर सगळं लाल आलं तर तो परका जीवाणूही असू शकतो, कारण टीटीसी लाल करणारे जीवाणू पुष्कळ आहेत.

मॅककाँकी अगर हे दुसरं माध्यम वापरायचा मोह होतो, ते प्रयोगशाळेत तयार असतंच. पण त्यावर पहिल्या अवस्थेच्या कॉलन्या त्यातला न्यूट्रल रेड हा रंग शोषून लाल दिसतात आणि लॅक्टोज आंबवणाऱ्या जीवाणूंच्याही लाल दिसतात. नवख्या माणसाने त्यावर निर्णय करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

एक सुटी कॉलनी उचलून नव्या प्लेटवर पुन्हा ओढा, त्यातून पुन्हा एक. तीनदा सारखीच दिसली की शुद्ध समजा. याहून जास्त वेळा मात्र प्लेटवरून प्लेटवर नेत बसू नका, कारण जितकं नेत जाल तितका जीवाणू दुसऱ्या अवस्थेकडे सरकतो.

चौथी पायरी: सूत्रकृमीच्या आतूनच आला का?

रक्तातून मिळालेला जीवाणू सूत्रकृमीच्या आत होता की त्याच्या अंगाला चिकटून आला, हे अजून सिद्ध झालेलं नाही. स्यूडोमोनास, प्रोव्हिडेन्सिया, अल्कालिजेनेस असे जीवाणू ईपीएनच्या कल्चरमध्ये कायम मिळतात, आणि त्यातले काही किडीला मारूही शकतात. माझ्या मते या सगळ्या लेखातली सगळ्यात कामाची पायरी हीच आहे.

घरगुती ब्लीचिंगच्या द्रवात बहुधा 4 ते 5 टक्के सोडियम हायपोक्लोराइट असतं. बाटलीवर पाहून त्यापासून साधारण 0.5 टक्क्याचं द्रावण करा. एका छोट्या नळीत काहीशे आयजे घ्या, पाणी काढून टाका, हे द्रावण घालून 3 मिनिटं हलवत राहा. मग सूत्रकृमी तळाला बसू द्या किंवा सेंट्रिफ्यूजमध्ये हळू फिरवून खाली आणा, वरचं द्रावण काढा, निर्जंतुक पाण्याने तीनदा धुवा. थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. कात उतरलेली दिसेल, सूत्रकृमी हलत असायला हवेत. सगळे निश्चल पडले तर द्रावण जास्त कडक झालं.

आता तिसऱ्यांदा धुतलेलं पाणी टाकून देऊ नका. त्यातलं 100 मायक्रोलिटर एका प्लेटवर पसरा आणि तिच्यावर "धुवण" लिहा. मग धुतलेले साधारण 100 आयजे मोजून वेगळे घ्या, थोड्या न्यूट्रिएंट ब्रॉथमध्ये (अगर नसलेल्या पातळ माध्यमात) निर्जंतुक प्लास्टिकच्या दांडीने चिरडा. थेंब पाहून खात्री करा की सूत्रकृमी खरंच फुटले आहेत, कारण आयजे चिवट असतात आणि अर्धे अख्खे राहतात. हे मिश्रण दुसऱ्या प्लेटवर पसरा.

धुवणाची प्लेट रिकामी आणि चिरडलेल्या सूत्रकृमींच्या प्लेटवर अळीच्या रक्तातून मिळालेल्या कॉलन्यांसारख्या कॉलन्या, हे उत्तर हवं आहे. दोन्हींवर वाढ असेल तर धुणं कमी पडलं, पुन्हा करा. धुवण रिकामं आणि चिरडलेल्यांची प्लेटही रिकामी असेल तर दोन शक्यता: सूत्रकृमी फुटलेच नाहीत, किंवा त्यांच्यात जीवाणू खरंच नाही. तेव्हा चिरडलेला थेंब पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली पाहा आणि पाहिल्याशिवाय कुणावर ठपका ठेवू नका. चिरडलेल्यांच्या प्लेटवर कॉलन्या किती आल्या ते मोजा. सूत्रकृमीमागे सरासरी किती जीवाणू आहेत हे त्यावरून कळतं. नव्या आणि साठवून जुन्या झालेल्या मालाची अशी तुलना मला फार उपयोगी वाटते.

पाचवी पायरी: थोड्या चाचण्या, स्वस्तातल्या

पहिली कॅटलेजची, म्हणजे पेरॉक्साइड फोडणाऱ्या विकराची. 24 तासांची ताजी कॉलनी काचेवर घ्या, 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाका. फोटोरॅब्डस फसफसतो. झेनोरॅब्डस फसफसत नाही. झेनोरॅब्डसच्या जवळच्या कुळातले बहुतेक जीवाणू फसफसतात, त्यामुळे त्याचं हे गप्प राहणं हीच त्याची ओळख आहे. कॉलनी उचलायला लाकडी टूथपिक घ्या. निक्रोमच्या लूपची तार स्वतःच फेस आणते आणि खोटं उत्तर देते.

दुसरी 3 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडची. थेंबात कॉलनी मिसळून लूप वर उचला. मिनिटाभरात पाकाच्या तारेसारखा धागा आला तर जीवाणू ग्रॅम निगेटिव्ह (ग्रॅमच्या रंगात गुलाबी दिसणाऱ्या गटातला) आहे, आणि आपले दोन्ही जीवाणू ग्रॅम निगेटिव्हच आहेत. ग्रॅमचा रंग देऊन पाहिलंत तर उत्तमच, लांबट दांड्या दिसतील. ऑक्सिडेज या दुसऱ्या विकराची पट्टी दोन्हींना निगेटिव्ह यायला हवी. ती पॉझिटिव्ह आली तर स्यूडोमोनासचा संशय धरा.

फोटोरॅब्डस असेल तर ब्रॉथमध्ये वाढवून पुन्हा अंधारात न्या. स्थिर ठेवलेल्या नळीत वरचा पातळ थरच चमकताना दिसेल. नळी जोरात हलवा, क्षणभर सगळी नळी उजळते. प्रकाशाला ऑक्सिजन लागतो, आणि हलवलं की तो सगळीकडे पोहोचतो. विद्यार्थ्यांना एकदा हे दाखवलं की पुढे काही समजावावं लागत नाही.

हातमोज्यांबद्दल इथेच सांगतो. शेतात वापरतात ते सूत्रकृमी माणसाला, गुरांना त्रास देत नाहीत. पण फोटोरॅब्डसमधली असिम्बायोटिका ही प्रजाती अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात माणसांच्या जखमांत सापडलेली आहे. शेतातून आणलेला अनोळखी फोटोरॅब्डस हाताळताना मोजे घाला, हाताला जखम असेल तर तो दिवस सोडून द्या, आणि सगळ्या प्लेटा ऑटोक्लेव्ह करूनच टाका. 37 अंशांवर जोमाने वाढणाऱ्या अनोळखी कॉलनीशी विशेष जपून राहा.

सहावी पायरी: सूत्रकृमी परत मिळवा

अळीत सूत्रकृमी दिसले म्हणजे ते ईपीएनच, असं नाही. मेलेल्या किड्यावर जीवाणू खाऊन जगणारे मोकळे सूत्रकृमी मातीत भरपूर असतात आणि ते आयत्या शवात घुसतात. म्हणून पुन्हा संसर्ग करून दाखवणं आवश्यक आहे.

मेलेल्या अळ्या धुऊन व्हाइट ट्रॅपवर ठेवा. 1927 मधल्या व्हाइट यांच्या पद्धतीचा हा सापळा अगदी साधा आहे. मोठ्या डिशमध्ये थोडं पाणी, त्यात एक छोटी डिश उपडी, तिच्यावर ओला फिल्टर पेपर ज्याच्या कडा पाण्याला टेकलेल्या, आणि पेपरवर अळ्या. साधारण 8 ते 14 दिवसांत आयजे बाहेर पडून पाण्यात उतरतात, पाणी दुधाळ दिसायला लागतं. हे आयजे नव्या, निरोगी अळ्यांवर सोडा. त्या तशाच रंगाच्या होऊन मेल्या, तशाच चमकल्या आणि त्यांच्यातून तसाच जीवाणू मिळाला, तर साखळी पूर्ण झाली. हेटेरोरॅब्डिटिसच्या बाबतीत एका अळीवर एकच आयजे सोडूनही हे करता येतं, कारण पहिल्या पिढीत तो उभयलिंगी होतो आणि एकट्याने पिल्लं घालतो. एका सूत्रकृमीपासून सुरू झालेलं शुद्ध कल्चर मिळवायला ही सोय उत्तम. स्टाइनरनेमाच्या बहुतेक जातींना नर-मादी दोन्ही लागतात, तिथे एकावर भागत नाही.

नाव पक्कं करायचं असेल तर शुद्ध जीवाणूच्या 16एस या ओळखीच्या जनुकाचा भाग वाढवून त्याचा डीएनए क्रम काढून घ्या. सुमारे 1500 बेसचा हा तुकडा झेनोरॅब्डस की फोटोरॅब्डस हे ठामपणे सांगतो. प्रजातीपर्यंत जायला तो पुरत नाही, त्यासाठी जायआरबी, रेकए अशी आणखी जनुकं लागतात. सूत्रकृमीच्या ओळखीसाठी त्याच्या डीएनएतल्या आयटीएस या भागाचा क्रम वेगळा काढून घ्यावा. पुण्यातल्या राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्रात जीवाणू ओळखण्याची आणि जमा करून ठेवण्याची सोय आहे. बेंगळुरूच्या एनबीएआयआरमध्ये (राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोमध्ये) ईपीएनवर अनेक वर्षं काम चालू आहे आणि हेटेरोरॅब्डिटिस इंडिकाची भुकटी तिथूनच विकसित झाली.

साठवण

जीवाणू 15 ते 20 टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे 80 अंशांवर वर्षानुवर्षं टिकतो. डीप फ्रीझर नसेल तर प्लेटवर जिवंत ठेवण्याच्या फंदात पडू नका. सूत्रकृमीच ठेवा आणि लागेल तेव्हा त्याच्यातून जीवाणू नव्याने काढा. त्यासाठी दर दोन-तीन महिन्यांनी सूत्रकृमी एकदा जिवंत अळ्यांमधून फिरवून घ्या.

स्टाइनरनेमाच्या अनेक जाती फ्रिजच्या थंडीत सुखाने राहतात. हेटेरोरॅब्डिटिस इंडिका उष्ण प्रदेशातला आहे, त्याला 15 अंशांच्या आसपास ठेवा. साध्या फ्रिजच्या 4 अंशांवर तो मरतो, आणि बाटली उघडून थेंब बघेपर्यंत ते कळतही नाही. उथळ भांड्यात पातळ थराने, हवा लागेल असा ठेवा, खोल बाटलीत दाटीने भरू नका. प्रत्येक भांड्यावर सूत्रकृमीचं नाव, कुठल्या गावच्या कुठल्या पिकाखालची माती, कोणत्या अळीतून किती वेळा फिरवला, आणि जीवाणू शेवटचा कधी तपासला ती तारीख लिहा. पेन्सिलने लिहा, अल्कोहोल सांडलं की शाईची अक्षरं पुसली जातात.